लिहीत राहा

[नव्या लेखकाला आपले पहिले लेखन छापून येईपर्यंत बराच धीर धरावा लागतो. उर्दू आणि हिंदी या दोन्ही भाषांतील थोर कथाकार मुन्शी प्रेमचंद यांचे सुरुवातीचे दिवस कसे गेले आणि त्यांतून आपल्याला काय शिकता येईल, हे या पाठात सांगितले आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण वहीच्या शेवटच्या पानावर कविता लिहीत असतील. कोणी एखादी गोष्ट लिहून ती पुस्तकात दडवून ठेवत असेल. आपण लिहिलेले कोणीतरी वाचावे, ते मासिकात छापून यावे, त्याखाली आपले नाव असावे, असे तुम्हांला मनातून वाटत असते. एखाद्या दिवशी तुम्ही धीर करता. गोष्ट चांगल्या अक्षरात उतरवून काढता आणि मासिकाच्या पत्त्यावर पाठवता. मग वाट पाहणे सुरू होते. आठ दिवस जातात, पंधरा दिवस जातात. शेवटी उत्तर येते. त्यात दोनच शब्द असतात : ‘साभार परत’.

‘साभार’ म्हणजे आभारासह. संपादक तुमचे आभार मानतात आणि तुमचे लेखन तुम्हांला परत करतात. शब्द मोठे सभ्य आहेत. पण ते वाचताना मन खट्टू होते. आपल्याला लिहिता येत नाही, असे वाटू लागते. मित्रांना हे कळले तर ते हसतील, अशी भीती वाटते. कित्येक मुले त्याच दिवशी वही मिटून ठेवतात आणि पुन्हा उघडत नाहीत.

ती वही मिटू नये, म्हणून आज आपण एका मुलाची हकीकत वाचू या. त्या मुलाचे पहिले लेखन छापून तर आले नाहीच, ते नाहीसेच झाले. तरीही तो मुलगा पुढे मोठा लेखक झाला.

त्याचे नाव धनपतराय. बनारसजवळ लमही नावाचे एक खेडे आहे. तेथे ३१ जुलै १८८० रोजी त्याचा जन्म झाला. वडील मुन्शी अजायबराय पोस्टात कारकून होते. धनपत लहान असतानाच त्याची आई वारली. एका मौलवीसाहेबांकडे तो उर्दू व फारसी शिकला. पुढे वडिलांची बदली गोरखपूरला झाली, तेव्हा तो तेथल्या शाळेत जाऊ लागला.

धनपतला वाचनाची विलक्षण गोडी होती. पण पुस्तके विकत घ्यायला पैसे कोठून आणणार? त्याने एक युक्ती काढली. गोरखपुरात बुद्धिलाल नावाचे एक पुस्तकविक्रेते होते. धनपत त्यांच्या दुकानातून इंग्रजी पुस्तकांची गाइडे घेऊन जाई आणि शाळेतल्या मुलांना विकून देई. त्याच्या मोबदल्यात त्याला दुकानातल्या कादंबऱ्या घरी नेऊन वाचायला मिळत. अशा रीतीने दोन-तीन वर्षांत त्याने शेकडो कादंबऱ्या वाचून काढल्या. रतननाथ सरशार, अब्दुल हलीम शरर यांची उर्दू पुस्तके तो तहानभूक विसरून वाचत असे.

मित्रांनो, येथे थोडे थांबा. लेखक होण्याची पहिली पायरी कोणती, हे तुमच्या लक्षात आले का? ती लेखणी नव्हे, ती वाचन. विहिरीत पाणी असेल तरच पोहऱ्यात येणार!

धनपत तेरा वर्षांचा असेल. त्याच्या घरी नात्यातले एक मामा येऊन राहत. हा मुलगा अभ्यास सोडून कादंबऱ्या वाचतो म्हणून ते त्याला सारखे टोचून बोलत. एकदा गावात त्या मामांचीच मोठी फजिती झाली. धनपतला लिहायला विषय मिळाला. त्याने त्या प्रसंगावर एक विनोदी नाटक लिहून काढले. मित्रांना ते वाचून दाखवले. सगळे पोट धरून हसले. मग त्याने नाटकाची वही मामांच्या उशाशी ठेवून दिली आणि तो शाळेला निघून गेला. मामा वाचतील तेव्हा काय म्हणतील, याचाच विचार दिवसभर त्याच्या मनात होता.

शाळा सुटल्यावर तो भीत भीत घरी आला. पाहतो तर काय! मामा आपले सामान घेऊन निघून गेले होते. नाटकाची वहीही कोठे दिसेना. मामांनी ती जाळून टाकली की बरोबर नेली, हे त्याला कधीच कळले नाही. एका मोठ्या लेखकाची ही पहिली रचना. तिचे एकही पान आज उरलेले नाही.

तुमच्या लेखनाची अशी गत झाली, तर तुम्ही काय कराल? रागावाल, रडाल, कदाचित लेखन सोडूनही द्याल. धनपतने ते सोडले नाही. मात्र त्याच्यापुढे लवकरच दुसऱ्या अडचणी उभ्या राहिल्या. तो शाळेत असतानाच त्याचे लग्न झाले. थोड्याच दिवसांत वडील वारले. घरची सर्व जबाबदारी त्याच्यावर आली. मॅट्रिक झाल्यावर त्याला पुढे शिकायचे होते. पण गणिताने वाट अडवली. बनारसला एका वकिलाच्या मुलाला शिकवण्याचे काम त्याने धरले. पगार महिना पाच रुपये. वकीलसाहेबांच्या तबेल्यावर एक लहानशी खोली होती, तेथे तो राहत असे. पाच रुपयांतले तीन तो घरी पाठवी आणि उरलेल्या पैशांत स्वतःचे भागवी. एकदा खाण्यापुरतेही पैसे राहिले नाहीत, तेव्हा तो आपले गणिताचे पुस्तक विकायला दुकानात गेला. दोन रुपयांचे पुस्तक त्याने एका रुपयाला विकले. त्या दुकानात एक गृहस्थ बसले होते. ते एका लहानशा शाळेचे मुख्याध्यापक निघाले. त्यांना शिक्षक हवा होता. त्यांनी धनपतला अठरा रुपये पगारावर नोकरी दिली. ही १८९९ सालची गोष्ट.

अशा दिवसांत लिहायला वेळ कोठून मिळणार? पण वेळ मिळत नसतो, तो काढावा लागतो. शाळेतली नोकरी, घरचा संसार आणि परीक्षेचा अभ्यास सांभाळून धनपतराय लिहीत राहिले. अखेर बनारसच्या ‘आवाज-ए-खल्क’ या उर्दू साप्ताहिकात ८ ऑक्टोबर १९०३ पासून त्यांची ‘असरार-ए-मआबिद’ ही छोटी कादंबरी क्रमशः छापून येऊ लागली. त्या वेळी ते तेवीस वर्षांचे होते.

आता तुम्हीच हिशेब करा. नाटकाची वही हरवली तेव्हा वय तेरा. कादंबरी छापली जाऊ लागली तेव्हा वय तेवीस. मध्ये दहा वर्षे गेली. या दहा वर्षांत कोणी त्यांचा सत्कार केला नाही, कोणी हार घातला नाही. वाचणे, लिहिणे, खोडणे आणि पुन्हा लिहिणे, एवढेच चालू होते. झाडाची मुळे जमिनीखाली वाढत असतात, तेव्हा वर काहीच दिसत नाही. म्हणून झाड वाढत नाही असे का म्हणायचे?

तुम्हांला वाटेल, एकदा छापून आले की लेखकाचे कष्ट संपले. तसे नसते. १९०८ साली धनपतराय यांचा पहिला कथासंग्रह ‘सोज-ए-वतन’ कानपूरच्या ‘जमाना’ छापखान्यातून प्रसिद्ध झाला. ‘सोज-ए-वतन’ म्हणजे देशासाठी होणारी तळमळ. त्यात पाच कथा होत्या. पुस्तकावर त्यांनी ‘नवाबराय’ हे टोपणनाव घातले होते. त्या वेळी देशावर इंग्रजांचे राज्य होते आणि ते स्वतः सरकारी शिक्षण खात्यात नोकरीला होते.

पुढे त्यांची नेमणूक हमीरपूर जिल्ह्यात झाली. एका रात्री त्यांना कलेक्टरसाहेबांचा हुकूम आला : ताबडतोब येऊन भेटा. थंडीचे दिवस होते. त्यांनी बैलगाडी जुंपायला सांगितली. रातोरात तीस-चाळीस मैलांचा प्रवास करून ते दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे हजर झाले. साहेबांच्या समोर ‘सोज-ए-वतन’ची प्रत पडलेली होती. या कथांमध्ये राजद्रोह भरला आहे, असा साहेबांचा आक्षेप होता. पुस्तकाच्या सर्व प्रती सरकारजमा करा आणि यापुढे परवानगीशिवाय काही छापू नका, असा हुकूम झाला. पुस्तकाच्या एक हजार प्रती छापल्या होत्या. त्यांतल्या जेमतेम तीनशे विकल्या गेल्या होत्या. उरलेल्या सातशे प्रती त्यांना सरकारच्या स्वाधीन कराव्या लागल्या.

विचार करा, त्या माणसाला काय वाटले असेल! लहानपणी पहिले नाटक नाहीसे झाले. आता पहिला कथासंग्रह हातचा गेला. लिहावे तर नोकरी जाणार. नोकरी गेली तर घरी चूल कशी पेटणार? न लिहावे तर जीव गुदमरणार. या वेळी त्यांचे स्नेही आणि ‘जमाना’ मासिकाचे संपादक मुन्शी दयानारायण निगम त्यांच्या मदतीला आले. त्यांनी एक नवे टोपणनाव सुचवले. ते नाव होते ‘प्रेमचंद’. डिसेंबर १९१० मध्ये ‘जमाना’त ‘बडे घर की बेटी’ ही कथा या नावाने प्रसिद्ध झाली. नवाबराय हे नाव मागे पडले आणि सारा देश प्रेमचंदांना ओळखू लागला.

प्रेमचंद आधी उर्दूत लिहीत. पुढे ते हिंदीतही लिहू लागले. १९१५ मध्ये ‘सरस्वती’ या मासिकात त्यांची हिंदी कथा आली. त्यांची ‘सेवासदन’ ही कादंबरी मुळात उर्दूत लिहिलेली होती. पण ती आधी हिंदीत, १९१९ साली, प्रसिद्ध झाली. मूळ उर्दू पुस्तक लाहोरहून बाहेर पडायला १९२४ साल उजाडले. एवढे नाव झालेल्या लेखकालाही आपल्या पुस्तकासाठी पाच वर्षे थांबावे लागले! ज्या गणिताने त्यांना अडवले होते, त्याचीही गोष्ट ऐका. गणिताची सक्ती गेल्यावर ते पुन्हा परीक्षेला बसले. ते इंटर झाले आणि १९१९ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, बी. ए. झाले.

१९२१ मध्ये महात्मा गांधींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी सरकारी नोकरी सोडली. १९३० मध्ये त्यांनी ‘हंस’ हे मासिक सुरू केले. ज्याचे लेखन दुसरे संपादक निवडत होते, तो लेखक आता स्वतःच्या मासिकाचा संपादक झाला. आपल्या मुंबईशीही त्यांचा थोडा संबंध आला. १९३४ मध्ये चित्रपटाची कथा लिहिण्यासाठी ते मुंबईला आले व दादरला राहिले. तेथे त्यांचे मन रमले नाही. पुढच्याच वर्षी ते बनारसला परतले. ८ ऑक्टोबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांनी सुमारे तीनशे कथा आणि डझनभर कादंबऱ्या लिहिल्या होत्या. जत्रेत खेळणी न घेता आजीसाठी चिमटा विकत घेणारा ‘ईदगाह’ कथेतला हमीद तुम्हांला आठवतो ना? तो याच लेखणीतून उतरला.

आता तुमच्याकडे वळू या. तुम्हांला आपले लेखन पाठवायचे आहे. ते कसे पाठवावे, हे नीट समजून घ्या.

जेथे लेखन पाठवायचे, ते मासिक आधी वाचा. त्याचे दोन-तीन अंक तरी पाहा. त्यात गोष्टी किती लांबीच्या असतात, कविता कशा असतात, ते कोणत्या वयाच्या वाचकांसाठी आहे, हे लक्षात घ्या. मराठीत मुलांसाठी ‘किशोर’ हे मासिक पाठ्यपुस्तक मंडळाने १९७१ मध्ये सुरू केले. उर्दूतही मुलांची मासिके आहेत. दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे ‘पयाम-ए-तालीम’ तर फार जुने. शाळेच्या ग्रंथालयात विचारा, गुरुजींना विचारा. मोठ्यांच्या मासिकाकडे मुलांची गोष्ट पाठवली, तर ती परत येणारच. त्यात गोष्टीचा दोष नसतो, पत्त्याचा असतो.

लिहून झाले की लगेच पाठवू नका. वही चार दिवस बाजूला ठेवा. मग स्वतःचे लेखन मोठ्याने वाचा. जेथे जीभ अडखळेल, तेथे खूण करा. एक उदाहरण घेऊ. समजा, ईदसाठी घरी आणलेल्या बकऱ्याचा धाकट्या भावाला लळा लागला, यावर तुम्ही गोष्ट लिहिली आहे. पुष्कळ मुले अशी सुरुवात करतात : ‘सकाळ झाली होती. सूर्य उगवला होता. पक्षी किलबिल करत होते. थंड वारा सुटला होता.’ ही वाक्ये चुकीची नाहीत. पण ती कोणत्याही गोष्टीला चालतील. तुमची गोष्ट बकऱ्याची आहे. मग असे लिहून पाहा : ‘चार दिवस सलीम आपल्या ताटातली अर्धी भाकर बकऱ्याला देत होता. अम्मीला ते ठाऊक होते; पण ती काही बोलली नाही.’ आता वाचक लगेच घरात शिरला. पुढे काय झाले, हे त्याला जाणून घ्यावेसे वाटते. चार वाक्ये गेली आणि गोष्ट वाचली!

यानंतर स्वच्छ प्रत तयार करा. कागदाच्या एकाच बाजूला लिहा. डावीकडे समास सोडा. शेवटी आपले नाव, इयत्ता, शाळा आणि पूर्ण पत्ता लिहा. लेखन परत हवे असेल, तर स्वतःचा पत्ता लिहिलेले व तिकीट लावलेले पाकीट सोबत ठेवण्याची जुनी पद्धत आहे. आता पुष्कळ ठिकाणी ई-मेलनेही लेखन स्वीकारतात. काहीही करा, पण एक प्रत आपल्याजवळ जरूर ठेवा. मामांच्या उशाशी ठेवलेली वही विसरू नका! धनपतजवळ दुसरी प्रत असती, तर ते नाटक आज आपल्याला वाचायला मिळाले असते.

एक लेखन एका वेळी एकाच मासिकाकडे पाठवा. कोणते लेखन, कोठे, कोणत्या तारखेला पाठवले, हे एका वहीत टिपून ठेवा. उत्तर यायला वेळ लागतो, कारण संपादकांपुढे अनेकांच्या लेखनाचा ढीग असतो. दिवाळी अंकाची तयारी तर कित्येक महिने आधी सुरू होते. दिवाळीच्या तोंडावर पाठवलेली दिवाळीची कविता छापली जाईल कशी? ‘तुमचे लेखन छापतो, आधी पैसे पाठवा,’ असे कोणी कळवले, तर मात्र घरी आणि गुरुजींना सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि एक गोष्ट कधीही करू नका. दुसऱ्याचे लेखन उतरवून त्याखाली आपले नाव घालू नका. अशाने नाव छापून येईलही, पण ते आपले नसते.

एवढे सगळे करूनही लेखन परत येऊ शकते. त्याची कारणे अनेक असतात. कधी त्याच विषयावरची गोष्ट मागच्या अंकात छापलेली असते. कधी ती फार लांब असते. कधी जागाच उरलेली नसते. कधी मात्र लेखन खरोखरच कच्चे असते. हेही मान्य करायला शिकले पाहिजे. परत आलेले कागद फाडू नका. दोन दिवसांनी ते शांतपणे वाचा. संपादकांनी काही सूचना केली असेल, तर ती सोन्यासारखी जपा. जे सुधारता येईल ते सुधारा आणि दुसरीकडे पाठवा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उत्तराची वाट पाहत हात बांधून बसू नका. पहिली गोष्ट पोस्टात पडली की त्याच संध्याकाळी दुसरी सुरू करा. म्हणजे पहिली परत आली, तरी तुमच्या हातात दुसरी असेल.

सुरुवात शाळेतच करता येते. अनेक शाळांत विद्यार्थी दरवर्षी हस्तलिखित काढतात. भिंतीवरच्या फलकासाठी भित्तिपत्रक तयार करतात. तुमच्या शाळेत ते नसेल, तर तुम्ही सुरू करा. कोणी गोष्ट लिहील, कोणी चित्र काढील, ज्याचे अक्षर चांगले तो उतरवून काढील. तीस-चाळीस वाचक तर वर्गातच मिळतील. आणि ते तोंडावर सांगतील की गोष्ट कोठे आवडली आणि कोठे कंटाळा आला!

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, “आमची भाषा उर्दू. आम्ही मराठीत कसे लिहिणार?” उर्दूत जरूर लिहा. आपल्या भाषेत मन मोकळे होते. पण मराठीलाही परकी समजू नका. लेखकाच्या टेबलावर काय काय असते ते पाहा : कागद, कलम, दौत, शाई. लिहून झाला तो मसुदा. छापायचा तो मजकूर. पाठवायचा तो लिफाफा. हे सारे मराठी शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत आणि थोड्या फरकाने तुमच्या घरातही बोलले जातात. ‘स्याही’ची शाई झाली, ‘दवात’ची दौत झाली, एवढेच. प्रेमचंदांनी दोन भाषांत लिहिले आणि दोन्ही भाषांनी त्यांना आपले मानले. तुम्हांला तर अशा दोन भाषा शाळेतच मिळाल्या आहेत. एका भाषेत पाहिलेले दुसऱ्या भाषेत सांगणे, हे एकच भाषा जाणणाऱ्याला जमत नाही. ते तुम्हांला जमेल.

प्रत्येक लिहिणारा प्रेमचंद होत नाही, हे खरे. तसे होण्याची गरजही नाही. पण जो लिहीत राहतो, त्याचे विचार स्वच्छ होतात, शब्द नेमके होतात. तो आपल्या आजूबाजूच्या माणसांकडे अधिक लक्ष देऊन पाहू लागतो. हा लाभ लेखन छापून येवो अथवा न येवो, मिळतोच.

तेव्हा मित्रांनो, ‘साभार परत’ या दोन शब्दांना घाबरू नका. परत येतो तो कागद. लिहिणारा हात तुमच्याजवळच असतो. आज रात्री अर्धा तास काढा. वही उघडा. कोरे पान समोर घ्या आणि लिहा.

शब्दार्थ

धीर करणे – हिंमत करणे
खट्टू होणे – नाराज होणे
हकीकत – घडलेली गोष्ट
मोबदला – कामाबद्दल मिळणारी वस्तू किंवा पैसे
पोहरा – विहिरीतून पाणी काढायचे भांडे
फजिती – लोकांत झालेली फटफजिती, हसे
उशाशी – उशीजवळ
रचना – लिहिलेली कृती
क्रमशः – एकामागून एक भागांत
टोपणनाव – लेखक लेखनासाठी घेतो ते दुसरे नाव
राजद्रोह – राज्यसत्तेविरुद्ध बंड
सरकारजमा करणे – सरकारच्या ताब्यात देणे
स्नेही – मित्र
समास – पानाच्या कडेला सोडलेली कोरी जागा
हस्तलिखित – हाताने लिहून तयार केलेला अंक
मसुदा – कच्चे लिखाण
मजकूर – लिहिलेला किंवा छापलेला भाग

वाक्प्रचार

तहानभूक विसरणे – एखाद्या कामात पूर्णपणे रमून जाणे
टोचून बोलणे – मनाला लागेल असे बोलणे
पोट धरून हसणे – खूप हसणे
हाकेला ओ देणे – बोलावल्यावर मदतीला जाणे
हात बांधून बसणे – काहीही न करता बसणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘साभार परत’ म्हणजे काय?
(आ) प्रेमचंदांचे मूळ नाव काय होते?
(इ) धनपतला कादंबऱ्या वाचायला कोठून मिळत?
(ई) ‘सोज-ए-वतन’ हा कथासंग्रह कोणत्या साली प्रसिद्ध झाला?
(उ) ‘प्रेमचंद’ हे नाव कोणी सुचवले?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) धनपतने लिहिलेल्या नाटकाचे काय झाले?
(आ) बनारसला असताना धनपत आपला खर्च कसा भागवत असे?
(इ) कलेक्टरसाहेबांनी कोणता हुकूम दिला?
(ई) लेखन परत येण्याची कोणती कारणे पाठात सांगितली आहेत?

प्र. ३. सात-आठ वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मासिकाकडे लेखन पाठवताना कोणती काळजी घ्यावी?
(आ) ‘झाडाची मुळे जमिनीखाली वाढत असतात’ हे वाक्य प्रेमचंदांच्या जीवनाला कसे लागू पडते, ते सांगा.

प्र. ४. रिकाम्या जागा भरा.
(अ) प्रेमचंदांचा जन्म ........ या खेड्यात झाला.
(आ) ‘सोज-ए-वतन’च्या ........ प्रती सरकारच्या स्वाधीन कराव्या लागल्या.
(इ) १९३० मध्ये प्रेमचंदांनी ........ हे मासिक सुरू केले.
(ई) ‘स्याही’ या शब्दापासून मराठीत ........ हा शब्द आला.

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
स्वच्छ × ........ , कच्चे × ........ , लांब × ........ , लाभ × ........ , परका × ........

प्र. ६. वाक्यात उपयोग करा.
तहानभूक विसरणे, टोचून बोलणे, हाकेला ओ देणे, हात बांधून बसणे.

प्र. ७. पुढील वाक्ये वाचा व क्रियापदे अधोरेखित करा.
(अ) त्याने त्या प्रसंगावर एक विनोदी नाटक लिहून काढले.
(आ) परत आलेले कागद फाडू नका.
(इ) पहिली परत आली, तरी तुमच्या हातात दुसरी असेल.

उपक्रम

(१) पाठात आलेल्या अरबी-फारसी मूळ असलेल्या मराठी शब्दांची यादी करा. त्यांच्यापुढे ते शब्द उर्दूत कसे लिहितात, ते लिहा.
(२) आपल्या घरातील किंवा मोहल्ल्यातील एका प्रसंगावर दहा ओळींची गोष्ट लिहा. चार दिवसांनी ती मोठ्याने वाचा आणि त्यातली अनावश्यक वाक्ये काढून टाका. दोन्ही प्रती शिक्षकांना दाखवा.
(३) वर्गाचे हस्तलिखित तयार करा. त्यात मराठी आणि उर्दू असे दोन विभाग ठेवा.